ड्राफ्टनंतर आपला फॅन्टसी संघ कसा जोखावा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या कार्यालयांमध्ये फॅन्टसी फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधून त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण मोजण्याच्या खेळाच्या, लीग जुळू लागतात आणि बारावा संघ भरत नाही म्हणून एखाद्या मराठी सहकाऱ्यालाही त्यात ओढले जाते. ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा सोपस्कार, उरकताच लीग चालवणारे संकेतस्थळ प्रत्येक संघाला ‘ए’ किंवा ‘डी’ अशी श्रेणी बहाल करते, आणि नवखा भिडू त्या श्रेणीवरून हुरळतो किंवा खचतो. या श्रेणीला फारसा अर्थ नसतो. संकेतस्थळ आपल्याच क्रमवारीशी तुमची निवड ताडून पाहते, म्हणजे गाइड छापणाऱ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार आहे. आपला संघ खरोखर कसा आहे हे पाहायचे असेल, तर हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

सुरुवात लीगच्या गुणपद्धतीपासून करावी, कारण एकच यादी एका लीगमध्ये उत्तम आणि दुसऱ्या लीगमध्ये बेताची ठरू शकते. बहुतेक लीगमध्ये धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण आणि त्या मार्गाने केलेल्या टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला) ६ गुण असतात. प्रत्येक झेलाला स्वतंत्र गुण आहे का, असल्यास पूर्ण की अर्धा, हे मात्र लीगगणिक बदलते. २०२० मध्ये टेनेसी संघाच्या डेरिक हेन्रीने २,०२७ यार्ड धावून १७ टचडाउन केले, पण झेल घेतले अवघे १९, त्यांतून ११४ यार्ड. २०२१ मध्ये रॅम्स संघाच्या कूपर कपने १४५ झेलांत १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन मिळवले. झेलाला गुण नसतील तर हेन्रीचे सुमारे ३१४ आणि कपचे नुसत्या झेलांच्या खेळातून सुमारे २९१ गुण होतात. प्रत्येक झेलाला एक गुण धरला, की हेन्री ३३३ वर राहतो आणि कप ४३६ वर जातो. तेव्हा मित्राने पाठवलेली क्रमवारी कोणत्या पद्धतीसाठी बनवली आहे, हे न पाहता तिच्याशी आपला संघ ताडू नये.

यानंतरचा प्रश्न असा, की आपला खेळाडू त्याच जागेवरच्या सहज मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा किती सरस आहे. या खेळातले बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात. बारा संघांच्या नेहमीच्या लीगमध्ये प्रत्येकजण एकच क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, उतरवतो. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये संघ ३२ आहेत, त्यामुळे बऱ्यापैकी क्वार्टरबॅक कोणाच्याही ताफ्यात नसलेल्यांमध्ये बहुधा सापडतो. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या मात्र दोन जागा, शिवाय धावणारा वा झेल घेणारा कोणीही चालतो अशी फ्लेक्सची एक, म्हणजे दर आठवड्याला चोवीसहून अधिक रनिंग बॅक मैदानात लागतात आणि चांगले लवकर संपतात. टाइट एंडची, म्हणजे अडवणूकही करणाऱ्या आणि झेलही घेणाऱ्या खेळाडूची, गोष्ट आणखी वेगळी. २०२२ मध्ये ट्रॅव्हिस केल्सीने ११० झेल, १,३३८ यार्ड आणि १२ टचडाउन यांच्या बळावर, झेलाला पूर्ण गुण धरता, सुमारे ३१६ गुण मिळवले. त्याच जागेवर त्याच्या पाठोपाठ असलेल्या टी. जे. हॉकेन्सनचे २१३ झाले. दर सामन्याला सहा गुणांची ही आघाडी ज्याच्या पदरात होती, त्याने पहिल्या फेरीत टाइट एंड घेतला म्हणून हसणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज उरली नाही. म्हणून प्रत्येक जागेपुढे आपल्या खेळाडूचा अपेक्षित गुणांक लिहावा, शेजारी त्या जागेवरच्या उपलब्ध खेळाडूंपैकी सर्वोत्तमाचा लिहावा आणि वजाबाकी करावी. किकर (चेंडू लाथाडून गुण मिळवणारा) आणि डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) यांच्या बाबतीत ही वजाबाकी शून्याच्या आसपास येते, म्हणूनच ते शेवटच्या दोन फेऱ्यांत घ्यायचे.

किमतीचा विचार करताना ‘अमुक खेळाडू फार लवकर घेतला’ हा आक्षेप सर्वांत आधी ऐकू येतो. सर्पाकार ड्राफ्टमध्ये, म्हणजे दर फेरीला क्रम उलटतो तिथे, बारा जणांत पहिल्या क्रमांकावर बसलेल्याला १, २४, २५, ४८ आणि ४९ अशा निवडी मिळतात. पंचविसाव्या निवडीनंतर त्याची पाळी येईपर्यंत बावीस खेळाडू निघून जातात. सरासरी तिसाव्या क्रमांकावर जाणारा खेळाडू त्याला हवा असेल, तर तो पंचविसाव्यालाच घेणे भाग आहे. याला चूक म्हणता येत नाही. मधल्या क्रमांकावर बसलेल्याने हेच केले, तर मात्र थोडे थांबता आले असते का, असे विचारावे.

अपेक्षित गुणांचा पाया गेल्या वर्षीच्या टचडाउनवर रचला असेल तर सावध राहावे. यार्ड आणि संधी वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतात, टचडाउन टिकत नाहीत. मायामीच्या रहीम मोस्टर्टने २०२३ मध्ये १,०१२ यार्ड धावताना एकूण २१ टचडाउन केले. पुढच्या हंगामात त्याच्या खात्यावर दोनच आले. त्याउलट परिस्थिती बदलल्यावर खेळाडू उजळतो, याचे उदाहरण सेक्वॉन बार्कली. जायंट्सकडून २०२३ मध्ये चौदा सामन्यांत ९६२ यार्ड धावणारा हा खेळाडू ईगल्सच्या भक्कम आक्रमक फळीमागे २०२४ मध्ये २,००५ यार्ड धावला. तेव्हा खेळाडूला चेंडू किती वेळा मिळेल आणि त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे कोण आहेत, हे आधी पाहावे. गेल्या वर्षीचे टचडाउन त्यानंतर.

दुखापतीचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, पण तिचा आघात किती बसेल हे तपासता येते. २०२४ मध्ये बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला ख्रिश्चन मॅकॅफ्री चारच सामने खेळला. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स जेट्सकडून चौथ्याच चालीत टाच धरून बसला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. आपल्या यादीतला पहिला खेळाडू मनातल्या मनात खोडून पाहावा आणि उरलेला संघ मधल्या स्थानावर तग धरील का, हे विचारावे. बेंचवर काय आहे, यावर उत्तर अवलंबून असते. दर आठवड्याला बेताचे सात गुण देणारे अनुभवी खेळाडू तिथे बसवण्यापेक्षा ज्यांचे दार अचानक उघडू शकते असे तरुण ठेवावेत, असे माझे मत आहे. २०२३ मध्ये कपच्या दुखापतीमुळे रॅम्सने एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलेल्या पुका नाकुआला संधी मिळाली आणि त्याने १०५ झेल, १,४८६ यार्ड असा पदार्पणाच्या हंगामातला तोवरचा विक्रम केला. बहुतेक फॅन्टसी लीगमध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कोणी हातही लावला नव्हता. बाय वीकची, म्हणजे खेळाडूच्या संघाला सामना नसलेल्या आठवड्याची, चिंता मात्र लोक उगाच फार करतात. दोन प्रमुख खेळाडूंची सुट्टी एकाच आठवड्यात आली तर एखादा सामना जाईल, इतकेच.

हंगामाचे भवितव्य पाहायला चार आठवडे थांबावे, आणि तेव्हाही केवळ जय-पराजय मोजू नयेत. प्रतिस्पर्धी कोण येतो हा नशिबाचा भाग आहे. प्रत्येक आठवड्यात आपले गुण उरलेल्या अकरा संघांपैकी किती जणांना हरवतात, हे मोजावे. चार आठवड्यांत अशा ४४ लढती होतात. त्यांपैकी ३२ जिंकूनही तक्त्यावर दोन विजय आणि दोन पराभव दिसत असतील, तर संघाच्या वाट्याला साधारण तीन विजय यायला हवे होते, म्हणून घाईने मोडतोड करू नये. उलट तीन विजय मिळवूनही ४४ पैकी १८च लढती जिंकल्या असतील, तर खेळाडूंची अदलाबदल करण्याची वेळ हीच, कारण तक्त्यावरचे आपले वजन पाहून समोरचा अजून चांगला भाव देतो.

बाद फेरी साधारणपणे १५ ते १७ या आठवड्यांत होते. अठरावा आठवडा बहुतेक लीग टाळतात, आणि त्याचे कारण बार्कलीनेच दाखवून दिले: एरिक डिकर्सनचा १९८४ मधला २,१०५ यार्डांचा विक्रम १०१ यार्डांवर असताना ईगल्सने त्याला शेवटच्या सामन्यात विश्रांती दिली. अदलाबदलीची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते, तेव्हा त्याआधी या तीन आठवड्यांचे वेळापत्रक एकदा उघडून पाहावे. डिसेंबरात बफेलो किंवा ग्रीन बेच्या उघड्या मैदानात वारा सुटला की लांब पास हवेत भरकटतात. पास झेलणाऱ्या दोन सारख्या रिसीव्हरांपैकी एक ठेवायचा असेल, तर त्या आठवड्यांत छताखाली खेळणारा ठेवावा.