विंच घेताना आणि वापरताना

विंच म्हणजे ड्रमवर (फिरत्या रिळावर) दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं, गाडीवरच बसवलेलं यंत्र. सामानासकट गाडीचं वजन धरा आणि किमान दीडपट क्षमतेचा विंच घ्या. 2,000 किलोच्या गाडीला 3,000 किलोचा. खोक्यावरचा आकडा मात्र ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. थर वाढले की ओढ घटते, म्हणून दोर जमेल तितका सोडा. पोलादी दोराचे निदान 5 वेढे ड्रमवर राहू द्या, नाहीतर तो निसटतो. गाडी चिखलात पार रुतली असेल तर पुली लावून दोर दुहेरी करा: ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. दोराचं टोक झाडाला अडकवायचं तर झाडाला रुंद पट्टाच बांधा, बुंध्याशी. दोर झाडाभोवती गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवलात, तर नेमक्या तिथेच तारा मोडतात. दोरावर जड ब्लँकेट टाका, इंजिन चालू ठेवा. ताणलेला दोर कुणीही ओलांडायचा नाही, गंमत म्हणूनही. विंचची मोटर तापली की थांबा.