पेडिक्युअरनंतर अंगठा ठणकायला लागला, मग मी काय केलं

भाचीच्या लग्नाआधी घराजवळच्या एका डे स्पात पेडिक्युअर करून घेतलं. कोमट पाण्यात पाय बुडवून बसले आणि चक्क डुलकी लागली, जाग आली तोवर त्या मुलीने दोन्ही अंगठ्यांच्या नखांचे कोपरे पार आतपर्यंत गोल कापून टाकलेले. दिसायला एकदम भारी! पण आठवड्याभरात उजव्या अंगठ्याची कड लाल, सुजलेली, चादर लागली तरी कळ यायची.

सासूबाई म्हणाल्या नखुरडं आहे, लिंबाला भोक पाडून अडकव, आता हाताच्या बोटाला ठीक आहे हो, पायाच्या अंगठ्यात लिंबू घालून ऑफिसला कशी जाऊ? रोज दोन-तीनदा पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, नीट पुसून कोरडा करायचा, बंद शूज बंद, नुसती चप्पल. थोडा पू दिसला तेव्हा मात्र टोकरत न बसता डॉक्टरकडे गेले. त्यांनी औषध दिलं आणि सांगितलं की कोपरा खोल कापला की नख वाढताना कातडीत घुसतं. डायबिटीस असेल तर एक दिवसही थांबू नका म्हणाले. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे कोपरा बाहेर यायला दोन महिने लागले.

आता स्पात आधीच सांगते, नखं सरळ कापा, कोपऱ्यांना हात नको, टाचेला ब्लेड नको. आणि झोपत नाही 😄