घरच्या ग्रॅनोला बारचा भुगा का होतो? या चुका टाळा

घरी केलेल्या ग्रॅनोला बारबद्दलच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. एकतर डबा उघडेपर्यंत वडीचा भुगा झालेला असतो, नाहीतर ती इतकी कडक होते की चावताना दातांची काळजी वाटावी. या दोन तक्रारी परस्परविरुद्ध वाटल्या तरी त्यांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बिया यांना धरून ठेवणारा चिकट भाग. त्याचे प्रमाण, त्याचे शिजणे आणि त्याचे थंड होणे या तीन गोष्टी साधल्या की बाकीच्या चुका किरकोळ ठरतात. म्हणून या लेखात अधिक जागा त्याच भागाला दिली आहे.

आधी एक प्रमाण समोर ठेवू, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी २०० ग्रॅम जाड ओट्स, ८० ग्रॅम चिरलेला सुकामेवा, ३० ग्रॅम बिया आणि ४० ग्रॅम बेदाण्यांसारखी सुकी फळे घ्यावीत. हे ३५० ग्रॅम कोरडे साहित्य बांधण्यासाठी ११० ग्रॅम मध, ४० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम पीनट बटर किंवा बदामाचे बटर आणि चिमूटभर मीठ लागते. म्हणजे कोरडे आणि चिकट यांचे प्रमाण साधारण पाचास तीन असे पडते. याच्या १२ वड्या पाडल्या तर प्रत्येक वडी साधारण ४५ ग्रॅमची आणि सुमारे २०० कॅलरींची होते.

पौष्टिकतेच्या नावाखाली मध निम्मा करणे

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. मीही ती केली आहे. पहिल्याच खेपेला पाककृतीतला मध निम्म्यावर आणला आणि साखर पूर्णपणे वगळली. वड्या ट्रेमधून अख्ख्या निघाल्या, त्यामुळे आनंद झाला. दुसऱ्या दिवशी प्रवासात पाकीट उघडले तेव्हा आत मूठभर सुटे ओट्स होते आणि कागदाला दोन बेदाणे चिकटलेले होते.

साखर किंवा मध या पदार्थात केवळ गोडीसाठी नसतो. उकळल्यावर त्यातले पाणी कमी होते, थंड झाल्यावर तो आळतो आणि दाण्यादाण्यांमधल्या फटी सांधतो. गोडी कमी करण्यासाठी तोच कमी केला तर वडी बांधणारे दुसरे काही उरत नाही. साखर कमी करण्याचा खरा मार्ग माझ्या मते वेगळा आहे: मिश्रण तेच ठेवावे आणि वडी लहान पाडावी. वरच्या मिश्रणात मध आणि साखर मिळून सुमारे १३० ग्रॅम साखर जाते, म्हणजे १२ वड्या केल्यास प्रत्येकीत जवळपास ११ ग्रॅम आणि १६ केल्यास सुमारे ८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि सिरप यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या खाली ठेवावी. २००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात. या सूचनेत मधाला साखरेपेक्षा वेगळी वागणूक दिलेली नाही, हे ‘साखर नाही, फक्त मध आहे’ असे समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

गोड भाग थोडाफार कमी करायचाच असेल तर त्याची जागा भरून काढणारे काहीतरी घालावे लागते. अंड्याचा एक पांढरा भाग फेटून मिसळला तर तो भाजताना घट्ट होतो आणि मधाचे प्रमाण २० ते ३० ग्रॅमने उतरवता येते, मात्र अशी वडी ओव्हनमध्ये पूर्ण भाजलीच पाहिजे. पिकलेले केळे कुस्करून घातल्यानेही मिश्रण बांधले जाते, पण त्यातल्या पाण्यामुळे वडी केकसारखी मऊ होते आणि ती फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी लागते. खजुराचा लगदा उत्तम चिकटतो आणि त्यातून तंतूही मिळतात, तरी खजुराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असतो. तेव्हा खजूर घातला म्हणून वडी बिनसाखरेची झाली असे म्हणता येत नाही.

पाक कच्चा ठेवणे किंवा अति शिजवणे

मध, साखर आणि मीठ जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर उकळावे. उकळी फुटल्यानंतर एक ते दोन मिनिटे पुरतात. साखरेचे थर्मामीटर असेल तर ११२ ते ११६ अंश सेल्सिअस ही मऊ गोळीबंद पाकाची पातळी गाठावी. नसेल तर वाटीभर गार पाण्यात पाकाचा एक थेंब सोडून बोटांनी गोळा करून पाहावा. थेंब पाण्यात विरघळून पसरला तर पाक कच्चा आहे आणि वडी डब्यात गळून जाईल. मऊ, दाबता येणारी गोळी झाली तर लगेच गॅस बंद करावा. गोळी वाटीच्या तळाशी टणटण वाजली तर पाक पुढे गेला आहे. अशा वेळी दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम करावे आणि परीक्षा नव्याने घ्यावी. त्याच पाकात हट्टाने ओट्स ओतण्यापेक्षा ही पाच मिनिटे परवडतात. पीनट बटर गॅस बंद केल्यावरच मिसळावे, कारण आचेवर ते तळाला लागते.

पीनट बटरची बरणी न ढवळता वरवरचा भाग घेणे ही लहान दिसणारी पण महागात पडणारी चूक आहे. नुसत्या शेंगदाण्यांचे किंवा बदामांचे बटर ठेवले की तेल वर येते आणि घट्ट भाग तळाशी बसतो. वरचे तेलच मिश्रणात गेले तर वडी तेलकट होते आणि सुटते. बरणी तळापासून ढवळून मगच वजन करावे.

कडक वडीचे आणखी एक कारण फारसे कोणी सांगत नाही. ग्रॅनोला बारच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाक गोळीबंद करून त्यात भाजलेले ओट्स मिसळतात, थापतात आणि थंड करतात. दुसरीत मध नुसता कोमट करून मिश्रण थापतात आणि मग ट्रे १६० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजतात. पहिल्या पद्धतीत पाणी भांड्यातच उडते, दुसरीत ते ओव्हनमध्ये उडते. दोन पाककृतींमधले आवडलेले भाग एकत्र करून पाकही गोळीबंद केला आणि वर ट्रेही अर्धा तास भाजला, तर पाणी दोनदा उडते आणि वडीऐवजी फरशीचा तुकडा हाती येतो. तसे पाहिले तर कडकपणाचे ग्रॅनोलाशी नाते जुने आहे. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स केलेब जॅक्सन या डॉक्टरांनी गव्हाच्या कोंडायुक्त पिठापासून ‘ग्रॅन्युला’ नावाचा जो पदार्थ तयार केला, तो रात्रभर भिजत घातल्याशिवाय खाताच येत नसे. डब्यात नेण्याच्या वडीला ही सवलत मिळत नाही.

ओव्हनमधून काढलेली वडी मऊ लागते म्हणून ट्रे पुन्हा आत ढकलणाऱ्यांनी तो मोह आवरावा. गरम साखर मऊच असते आणि वडीचा खरा पोत थंड झाल्यावरच कळतो. कडा सोनेरी दिसल्या आणि मध्यभाग किंचित मऊ राहिला की ट्रे बाहेर काढावा.

ओट्सची निवड आणि भाजणी

वाफवून लाटलेले जाड ओट्स या कामाला योग्य असतात. नुसते कापलेले, न लाटलेले ओट्स एवढ्या कमी ओलाव्यात शिजत नाहीत आणि खड्यांसारखे दाताखाली येतात, तर झटपट शिजणारे बारीक ओट्स पाक शोषून लगदा होतात. मात्र जाड ओट्सपैकी पाव भाग मिक्सरमध्ये भरड करून घेतल्यास मोठा फरक पडतो. हा भरडा मोठ्या तुकड्यांमधल्या पोकळ्या भरतो आणि वडी सुबक कापली जाते. बदाम आणि अक्रोडही हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठे ठेवू नयेत, कारण सुरी अख्ख्या बदामावर अडकते आणि वडी नेमकी तिथेच दुभंगते.

ओट्स न भाजता घातले तर वडीला कच्चट, पिठूळ चव राहते. १६० अंशांवर १० ते १२ मिनिटे, मधे एकदा हलवून, किंवा पसरट भांड्यात मंद आचेवर सतत परतून ते खरपूस करावेत. सुकी फळे मात्र या भाजणीत घालू नयेत, कारण बेदाणे आधी फुगतात आणि मग करपून कडू होतात. ती पाकाबरोबर, अगदी शेवटी मिसळावीत.

चॉकलेट चिप्सचेही तसेच आहे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे गरम मिश्रणात पडलेल्या चिप्स क्षणात विरघळून सगळे तपकिरी करून टाकतात. मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागेल तेव्हा त्या वरून पसरून दाबाव्यात. डबा उन्हात राहणार असेल तर चॉकलेट वगळणेच शहाणपणाचे आहे.

हलक्या हाताने थापणे, घाईने कापणे

मिश्रण ट्रेमध्ये पसरून वरून चमच्याने सारखे करणे म्हणजे थापणे नव्हे. ट्रेमध्ये दोन बाजूंनी बाहेर येईल असा बेकिंग पेपर घालावा, मिश्रण गरम असतानाच ओतावे, वर दुसरा कागद ठेवावा आणि सपाट बुडाच्या वाटीने किंवा पेल्याने शरीराचा भार देऊन दाबावे. कोपरे आणि कडा विसरू नयेत. भुगा होण्याची सुरुवात तिथूनच होते. दाबल्यानंतर थराची जाडी दोन सेंटिमीटरच्या आत असावी.

त्यानंतर किमान दोन तास ट्रेला हात लावू नये. घाई असेल तर तो कोमट झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. कागदाच्या कडा धरून पूर्ण लादी बाहेर काढावी आणि लांब पात्याच्या सुरीने सरळ खाली दाबून वड्या पाडाव्यात. करवतीसारखी सुरी पुढे-मागे ओढली की ओट्स उचकटतात. लादी फारच कडक झाली असेल तर १५० अंशांवर तीन-चार मिनिटे गरम करून लगेच कापावी.

जवस, बिया आणि खवट वास

अख्खे जवस पुष्कळदा न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून ते भरडून घालावेत. पण भरडलेले जवस आणि अक्रोड यांतले तेल लवकर खवट होते. घालण्यापूर्वी एक तुकडा चावून पाहावा. कडवट, जुन्या तेलासारखी चव आली तर तो जिन्नस टाकून द्यावा, कारण पाकाची गोडी खवटपणा झाकत नाही. प्रथिने वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर घालणाऱ्यांनी ती जितकी घालाल तितकेच ओट्स कमी करावेत. ती पाक शोषते आणि न मोजता घातल्यास वडी कोरडी, वातड होते.

शाळेच्या डब्यात शेंगदाणे आणि सुकामेवा चालत नसेल तर सूर्यफुलाच्या बियांचे बटर वापरता येते. ते घातलेल्या मिश्रणात खाण्याचा सोडा गेला तर वडी आतून हिरवी दिसू शकते. बियांमधील क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी क्रिया होऊन हा रंग येतो आणि तो अपायकारक नसतो, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुरशीच वाटते. ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांसाठी ओट्सच्या पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असा उल्लेख असल्याची खात्री करावी, कारण ओट्समध्ये गव्हाचे दाणे मिसळलेले असू शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध असलेली वडी देऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी सुकामेव्याची पूड करूनच घालावी.

डब्यात भरताना

वड्या कोमट असताना डब्याचे झाकण लावले की आत वाफ धरते आणि सकाळपर्यंत त्या सादळतात. मधाला हवेतला ओलावा ओढून घेण्याची सवय असल्याने दमट दिवसांत हे अधिक लवकर होते. सादळलेल्या वड्या १५० अंशांवर सात-आठ मिनिटे गरम करून पूर्ण थंड केल्या तर बऱ्याच अंशी सावरतात. ज्या वड्यांचा आधीच भुगा झाला आहे त्यांच्यासाठी दोन मोठे चमचे मध उकळून त्यात तो भुगा मिसळावा आणि पुन्हा घट्ट थापावा. तेही नको असेल तर तो भुगा दह्यावर घालून नाश्त्याला संपवावा.

हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवलेल्या वड्या बाहेर आठवडाभर आणि फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतात. एकेक वडी कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवल्यास दोन ते तीन महिने चवीत फारसा फरक पडत नाही. सकाळी गोठलेली वडी तशीच डब्यात टाकली तरी मधल्या सुट्टीपर्यंत ती खाण्याजोगी मऊ झालेली असते.