अर्जंट मालाची गाडी घेताय? आधी टेप घेऊन फाउंड्रीत जा

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "किती टनाची बघू?" लगेच उत्तर देऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून अर्जंट भाडं मारणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. रात्री ९ ला भरलेली गाडी सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आत पुण्याजवळच्या चाकणला टेकली पाहिजे. तेव्हा ती कुठं कुठं अडकेल ते आधी शोधायचं.

सगळ्यात जास्त अडकते ती भरतानाच. माझी पहिली गाडी १९ फुटी, बंद कंटेनर बॉडीची. दिसायला झकास! पहिलंच भाडं कास्टिंगचं, म्हणजे ओतीव लोखंडी जॉबचं मिळालं आणि फाउंड्रीत गेल्यावर कळलं, की माल वरच्या क्रेननं सोडतात आणि माझ्या गाडीला तर छप्पर. त्यात बोळाचं वळण असं, की गाडी शेडपर्यंत जाईचना. शेवटी चार पोरं लावून एकेक जॉब हातगाडीवरून मागच्या दारानं चढवला. दोन तास तिथंच गेले. आता मी टेप घेऊन जातो. गेटची रुंदी, शेडची उंची, क्रेनचा हुक कुठवर येतो, ट्रक वळवायला जागा किती, हे वहीत लिहून घेतो. तुमची नेहमीची जी तीन-चार गिऱ्हाईकं असतील, त्यांच्याकडं हे करून या. कास्टिंग नेणार असाल तर उघडा हौदा, तिन्ही बाजूंनी खाली पडणारे फाळके, म्हणजे हौद्याच्या फळ्या, आणि चांगली ताडपत्री. पॅकिंगचा, खोक्यांचा माल असेल तरच कंटेनर.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसतं थोडं, वजन मोठं. ४ टन बीड म्हणजे अर्ध्या घनमीटरपेक्षा थोडंसंच जास्त. १४ फुटी हौदा निम्मा रिकामा दिसतो आणि स्प्रिंगचे पाटे मात्र वजनानं बसलेले असतात. त्यामुळं जड मालाला लांब हौद्याचा मोह नको. लांबी वाढली की वळण वाढतं, बॉडीचं वजन वाढतं, आणि तेवढा माल कमी.

पासिंगमध्ये दोन आकडे डोक्यात ठेवा. पहिला ७,५०० किलो. आरसीवर एकूण वजन इतकं किंवा कमी असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवाला ड्रायव्हर चालतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. अर्जंट धंद्यात रात्री ८ ला ड्रायव्हर आजारी पडतो, तेव्हा याची किंमत कळते. अशा गाडीत बॉडीसकट रिकामं वजन वजा केलं की ४ टनांच्या आसपास माल बसतो. दुसरा आकडा एकूण वजनाचाच, १२ टन. त्याच्या आत राहिलात तर टोलला एलसीव्हीचा, म्हणजे हलक्या मालगाडीचा दर, वर गेलात की ट्रक-बसचा, म्हणजे दुपटीहून जास्त. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे सहा नाके जाताना आणि सहा येताना. येताना बहुतेक वेळा गाडी रिकामी.

आता युरिया. बीएस-६ या धुराच्या नव्या नियमातल्या बऱ्याच गाड्यांना डिझेलशिवाय धूर साफ करायला डीईएफ नावाचं पाणी लागतं, आपल्याकडं सगळे युरियाच म्हणतात. एकदा ड्रायव्हरनं युरिया कमी झाल्याचा दिवा लागलेला मला सांगितला होता, मी म्हणालो, "परत आल्यावर भरू." खंबाटकी बोगद्याच्या चढाला गाडीनं ताकद सोडली. पाय तळापर्यंत दाबला तरी २० च्या वर जाईना. गाडी बिघडली नव्हती, युरिया संपला की सिस्टीमच इंजिनला आवळते. तिकडं कंपनीची लाइन थांबलेली आणि फोन मला. म्हणून घेतानाच विचारा, युरिया लागतो का, टाकी किती लिटरची, आणि सर्व्हिसवाला सातारा-कराड पट्ट्यात रात्री येतो का. बेळगावात शोरूम असून उपयोग नाही, गाडी बंद पडते ती दीडशे-दोनशे किलोमीटरवर.

डिझेलची टाकीही बघा. कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असेल तेव्हा टाकी इकडंच भरायची. हद्दीअलीकडच्या निपाणीत टाकी फुल्ल करून चाकण गाठून परत निपाणीपर्यंत यायचं, तर सुमारे ६०० किलोमीटर होतात. ६ चं मायलेज धरलं तर १०० लिटर. ६० लिटरच्या टाकीत हे जमत नाही.

ट्रायल रिकामी घेऊ नका. आपलाच माल भरा, वंटमुरी घाट उतरून यमकनमर्डीला जा आणि परत चढा. चढाला किती वेळा गिअर खाली घ्यावा लागतो ते मोजा. गोव्याचं भाडं असेल तर चोर्ला घाटाची वळणं वेगळी. तिथं आखूड व्हीलबेसच, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेलीच गाडी बरी, आणि जड गाड्यांवरची बंदी त्या दिवशी आहे का हे निघण्याआधी विचारायचं.

जुनी गाडी घेत असाल तर पहिल्या नोंदणीची तारीख बघा. दोन अॅक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर परराज्यात माल न्यायचं नॅशनल परमिट मिळत नाही. आपली गाडी केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची, पण कोगनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेल्याशिवाय आपला धंदाच नाही.

आणि घेताना ड्रायव्हरला बरोबर न्या. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे, तरी सीट सगळ्यांची सारखी नसते. माझा ड्रायव्हर शोरूममध्ये केबिनमध्ये चढला, स्टेअरिंगला हातही लावला नाही. आधी सीटच्या मागं आडवा झाला, पाय पसरून बघितले, आणि खाली उतरून म्हणाला, "मालक, ही नको. चाकणात माल उतरेपर्यंत झोपायचं कुठं?"