खळ्यावरचा दशमांश: दहा किलो गव्हावर करून पाहायचा हिशेब

दशमांश म्हटलं की पगाराचे दहा टक्के आणि विषय संपला, असं बहुतेक बायबल अभ्यासवर्गांत होतं. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र पगारावरचा दशमांश कुठेच नाही. तिथे खळं आहे, मेंढवाडा आहे, कणकेची परात आहे. प्रत्येक ठिकाणचं देणं वेगळं, घेणारा वेगळा, आणि काही देणी तर देणाऱ्यानेच बसून खायची. हे नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. एकदा गहू हातात घेऊन वाटून पाहिला की राहतं. पुढची कृती दीड-दोन तासांच्या वर्गासाठी आहे. दहा-बारा जण असले तर उत्तम.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून १० किलो निवडलेला गहू आणा. निवडलेलाच हवा, कारण मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाप्रमाणे धान्यावर देणं लागतं ते मळणी-उफणणी होऊन रास नीट लागल्यावर. कोंडा-खड्यांसकट वजन केलंत तर सुरुवातच चुकते. ग्रॅम दाखवणारा काटा, सहा पातेली आणि फळ्यासाठी दोन रंगांचे खडू घ्या. घरचे काटे बहुधा पाच किलोपर्यंतच जातात, तेव्हा मोठी रास दोन-तीन वेळा करून मोजा आणि दर वेळी रिकाम्या पातेल्याचं वजन शून्य करून घ्या. हे विसरलं की शेवटी दीड-दोनशे ग्रॅम गहू कुठे गेला म्हणून अर्धा तास वाद चालतो.

दोन रंग कशाला? नियमशास्त्राचा मजकूर एका रंगात, मिश्नातली मापं दुसऱ्या रंगात लिहायची. लेवीय, गणना आणि अनुवाद ही पुस्तकं देण्याचं तत्त्व सांगतात, पण अनेक ठिकाणी माप सांगतच नाहीत. मापं येतात रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांच्या, परंपरेतून, आणि ती मिश्नात संकलित झाली इ.स. २००च्या सुमारास. दोन्हींची खिचडी केली की ‘मोशेने पन्नासावा हिस्सा सांगितला’ अशी वाक्यं वर्गात बेधडक फिरू लागतात. मोशेने तसं सांगितलेलं नाही.

आधी घेणारे कोण ते फळ्यावर लिहा. लेवी हा इस्राएलातला एक पूर्ण वंश, आणि त्यातलं अहरोनाचं घराणं म्हणजे याजक. प्रत्येक याजक लेवी असतो, पण प्रत्येक लेवी याजक नसतो. दशमांश लेव्यांचा (गणना १८:२१). याजकांना त्यातला दहावा भाग लेव्यांकडून मिळतो, शेतकऱ्याकडून थेट नाही. इथे जो घसरला तो पुढे सगळीकडे घसरतो. लेवी वंशाला शेतजमिनीचं वतन नव्हतं. राहायला ४८ नगरं आणि त्यांच्या भोवतालची कुरणं होती, त्यांपैकी १३ नगरं याजकांची. आपल्याकडे हे ऐकून लगेच बलुतं आठवतं. सुतार-लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचं, तसंच हेही. सेवेचा मोबदला म्हणून ते बरोबर आहे. गणना १८:३१ मध्ये दशमांशाला सेवेचं वेतनच म्हटलंय. पण इथे पुजाऱ्यांच्या चरितार्थासाठी देवस्थान इनाम जमिनी लावून दिलेल्या असत, आणि लेव्यांच्या बाबतीत मूळ अटच अशी की जमीन नाही म्हणून दशमांश.

मग वर्ष ठरवा. चक्र सात वर्षांचं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी ‘दुसरा दशमांश’ निघतो, तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी त्याच्या जागी गरिबांचा दशमांश. सातव्या वर्षी पेरणीच नाही. आपोआप उगवलेलं सगळ्यांना खुलं, म्हणून दशमांशही नाही. आजचे यहुदी याच चक्राने मोजतात. त्यांचं ५७८२ हे वर्ष, म्हणजे सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२, सातवं होतं. तिथून पुढे मोजा.

खळ्यावर येण्याआधीच एक देणं शेतात राहिलेलं असतं. शेताची कड कापायची नाही, हातून गळलेली कणसं उचलायची नाहीत. ती गरीब आणि उपरी यांची (लेवीय १९:९-१०). कडेचं माप मजकुरात नाही. मिश्ना म्हणते, साठाव्या हिश्शाहून कमी नको. हे धान्य राशीत येतच नाही, म्हणून आपल्या १० किलोंतून ते वजा करू नका. प्रथमउपजाची टोपलीही वेगळी. तिला माप नाही, ती घेऊन पवित्रस्थानी जायचं आणि अनुवाद २६ मधले शब्द म्हणायचे.

आता रास. पहिला वाटा याजकाचा, त्याला तरूमा म्हणतात. मिश्नाप्रमाणे सढळ हाताचा माणूस चाळिसावा हिस्सा देतो, मध्यम माणूस पन्नासावा, चिक्कू साठावा. आपण पन्नासावा धरू, म्हणजे २०० ग्रॅम. पण हा वाटा काट्यावर मोजायचा नसतो. वजन, माप, संख्या काही न पाहता अदमासे काढायचा, असा मिश्नाचा स्पष्ट नियम आहे. म्हणून वर्गातल्या एकाला नुसत्या ओंजळीने काढायला सांगा, मग काट्यावर ठेवून बघा तो सढळ निघाला की चिक्कू. १६७ ग्रॅमच्या खाली गेला तर साठाव्याच्याही खाली गेला. हशा होतो, आणि नियम कायमचा लक्षात राहतो. पुढच्या हिशेबासाठी मात्र ते २०० ग्रॅमवर आणून ठेवा.

उरले ९ किलो ८०० ग्रॅम. यातून पहिला दशमांश, लेव्याचा, आणि हा नीट मोजूनच: ९८० ग्रॅम. आता लेवी म्हणून बसलेल्या माणसाने त्यातला दहावा भाग, ९८ ग्रॅम, उचलून याजकाच्या पातेल्यात टाकायचा. गणना १८:२६ ची आज्ञा ती हीच. तो भाग काढेपर्यंत लेव्याने आपला वाटा खायचा नाही. काढल्यावर मात्र उरलेले ८८२ ग्रॅम कुठेही, घरच्यांसोबत खाता येतात.

शेतकऱ्याकडे राहिले ८ किलो ८२० ग्रॅम. त्याचा दहावा भाग, पुन्हा ८८२ ग्रॅम, हा दुसरा दशमांश किंवा वर्षाप्रमाणे गरिबांचा. इथे पडताळा आपोआप मिळतो. लेव्याच्या हातात उरलेला ढीग आणि हा ढीग यांचं वजन सारखंच यायला हवं, रास कितीही असो. सारखं आलं नाही तर बहुधा कुणीतरी दहावा भाग मूळ १० किलोंवर काढलाय. १ किलोचा ढीग दिसला की समजा. शेवटी शेतकऱ्याकडे ७ किलो ९३८ ग्रॅम, याजकाकडे २९८ ग्रॅम, लेव्याकडे ८८२. क्रमही पाळायचा: तरूमा, पहिला दशमांश, मग दुसरा. क्रम उलटला तर दिलेलं बाद होत नाही, पण आज्ञा मोडली असं मिश्ना धरते.

दुसऱ्या दशमांशावर वर्गात हमखास गडबड होते. हा कुणाला द्यायचा नाही. यरुशलेमला न्यायचा आणि घरच्यांनी तिथे बसून खायचा (अनुवाद १४:२२-२७). वाट लांबची असेल तर धान्य विकून रोकड करायची, ती गाठीला बांधून न्यायची आणि तिथे बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, मनाला येईल ते घेऊन आनंद करायचा. गावातल्या लेव्याला विसरायचं नाही, एवढी एक अट. लेवीय २७:३१ म्हणतं की स्वतःचाच दशमांश सोडवून घ्यायचा तर किमतीत पंचमांश वाढवा. सरळ वाचलं तर १०० रुपयांवर २०. रब्बी मात्र वाढवून झालेल्या रकमेचा पाचवा भाग धरतात, म्हणजे १०० वर २५. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा, आपापल्या रंगात.

गरिबांच्या वर्षी तेच ८८२ ग्रॅम गावच्या वेशीत ठेवायचे, लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांच्यासाठी. यहुदी इतिहासकार जोसेफस आणि तोबीतचं पुस्तक तिसऱ्या वर्षी तीन दशमांश सांगतात, म्हणजे गरिबांचा वाटा दुसऱ्याच्या जागी नसून त्याच्यावर वाढीव. रब्बींना ते मान्य नाही. अनेक अभ्यासकांच्या मते तर गणना आणि अनुवाद ही एकाच दशमांशाची वेगवेगळ्या काळातली रूपं आहेत, दोन दशमांश जोडले ते नंतरच्या वाचकांनी. आम्हाला हे मत पटण्यासारखं वाटतं. पण वर्गात गव्हाचा हिशेब रब्बींच्या पद्धतीनेच करावा, कारण पूर्ण मापं तिथेच मिळतात.

‘एकूण २३ टक्के जात होते’ हा आकडा प्रवचनांतून ऐकू येतो. तो १० + १० + तिसऱ्या वर्षाच्या दहाचा तिसरा भाग, असा बसवलेला आहे. त्यात सातवं वर्ष धरलेलं नाही आणि घरच्यांनी खाल्लेलं दानात मोजलंय. वरच्या हिशेबाने पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी खरोखर हातातून जातात ११.८ टक्के, तिसऱ्या-सहाव्या वर्षी २०.६२. सहाही वर्षं पीक सारखंच धरलं तर सात वर्षांची सरासरी साडेबारा टक्क्यांच्या जरा वर येते. कड आणि प्रथमउपज त्यात नाहीत.

जनावरांचा दशमांश धान्यासारखा काढायचा नाही. काठीखालून जाणारं दहावं जनावर पवित्र, चांगलं-वाईट पाहायचं नाही, बदलायचं नाही. बदललं तर दोन्ही पवित्र (लेवीय २७:३२-३३). मिश्नात त्याची कृती आहे: त्या हंगामातली कोकरं कोंडवाड्यात घालायची, दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन एकदम निघणार नाहीत, काठीने एक, दोन, तीन करत मोजायचं आणि दहाव्याला तांबड्या रंगाची खूण करायची. ४७ कोकरं असतील तर ४ निघतात, शेवटच्या सातांवर त्या मोजणीत काही नाही. सरळ भागाकार करून ‘४.७ म्हणजे पाच’ म्हणणारा एक जण निघतोच. हा दशमांश लेव्याला जात नाही. रब्बींच्या मते मालकच तो यरुशलेममध्ये खातो.

याजकांची बाकीची देणी भराभर घ्या. शुद्ध जनावराचा पहिला नर याजकाचा. गाढवाच्या पहिल्या शिंगराबद्दल कोकरू. थोरल्या मुलाबद्दल महिन्याचा झाल्यावर ५ शेकेल. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा, म्हणजे पंचावन्न ग्रॅमच्या आसपास चांदी. कणकेतला वाटा घरी चोविसावा, भटारखान्यात अठ्ठेचाळिसावा: घरच्या २ किलो ४०० ग्रॅम कणकेतून १०० ग्रॅम. मांसाचं मात्र सावकाश सांगा, कारण अनुवाद १८:३ मध्ये याजकाला पुढचा फरा, दोन्ही गालफडं आणि कोथळा आहे, तर लेवीय ७ मध्ये ऊर आणि उजवी मांडी. रब्बींनी वाद असा सोडवला की पहिलं घरी खाण्यासाठी कापलेल्या जनावराचं, दुसरं शांत्यर्पण म्हणून वेदीवर वाहिलेल्या बळीचं. मटणातला कुठला भाग काय भावाचा, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. मांडी नेणारा आणि गालफडं नेणारा यांतला फरक वर्ग चटकन ओळखतो.

पवित्र वाटा कुणी खायचा यालाही नियम आहेत (लेवीय २२). याजकाने विकत घेतलेला दास खाऊ शकतो, रोजंदारीचा गडी नाही. परघरात दिलेली मुलगी नाही. ती विधवा होऊन किंवा टाकली जाऊन, मूलबाळ नसताना माहेरी परतली तर पुन्हा खाऊ शकते. चुकून कुणा बाहेरच्याने खाल्लं तर भरपाई अधिक पंचमांश.

व्यवस्था बिघडली कशी, हे नहेम्याच्या पुस्तकात दिसतं. एल्याशीब याजकाने दशमांश ठेवायची मोठी खोली तोबीयाला वापरायला दिली. लेव्यांचे वाटे थकले, आणि ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले (१३:४-१०). शेतं आली कुठून, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे, कारण नियमाप्रमाणे वतन नव्हतं. यहूदाचा अधिकारी असलेल्या नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं आणि कोठारावर चौघे नेमले: शलेम्या याजक, सादोक शास्त्री, पदाया लेवी, आणि हाताखाली हानान. मलाखी संदेष्ट्याचं ‘दशमांश कोठारात आणा’ हे वचन वाचताना नहेम्याचा हा अध्याय शेजारी उघडून ठेवावा. कोठारात आणणं ही अर्धीच बाजू. तिथून वाटप होणं ही दुसरी. शिवाय संख्याही फिरली होती. बाबेलच्या बंदिवासातून पहिल्या तुकडीत ४,२८९ याजक परतले आणि लेवी अवघे ७४ (एज्रा २:३६-४०). नऊ वाटे लेव्यांना आणि एक याजकांना, ही गणनेतली मांडणी मोठ्या लेवी वंशासाठी होती; या आकड्यांवर ती बसणं अवघड.

शेवटी उसाचा प्रश्न येतोच, निदान करवीर आणि शिरोळच्या मंडळींकडून. नियमशास्त्रात नाव घेऊन येतात ते धान्य, नवा द्राक्षारस, तेल आणि झाडांची फळं. मिश्ना ते वाढवून ‘जे खायचं, जे राखलेलं, जे जमिनीतून उगवतं ते सगळं’ असं करते. शुभवर्तमानात परूशी पंथाचे यहुदी पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशमांश देताना दिसतात ते याच वळणाचं. या व्याख्येत ऊस चघळायला लावला असेल तर बसेलही, गाळपाला घातलेल्या उसावर रब्बींनाही वाद घालायला जागा आहे. पण त्याच मिश्नाचा दुसरा नियम असा की जमिनीशी बांधलेल्या आज्ञा, एक-दोन अपवाद सोडले तर, इस्राएल देशाच्या जमिनीवरच लागू. पंचगंगेकाठच्या उसाला ना तरूमा लागतो ना दशमांश. मंडळीत कुणी स्वेच्छेने दहावा भाग देत असेल तर तो वेगळ्या खात्यावर लिहायचा.