व्हीआरआर मॉनिटर घेतला, तरी चित्र फाटतंय? या चुका टाळा

पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर फ्रीसिंक किंवा जी-सिंक लिहिलेलं असतंच. ही एएमडी आणि एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड कंपन्यांची व्हीआरआरची नावं. व्हीआरआर म्हणजे गेम सेकंदाला जितकी चित्रं (फ्रेम्स) देतो, तितक्याच वेळा पडदा ताजा करण्याची सोय. घरी आणून गेम लावला, गाडी जोरात वळवली आणि चित्र मधोमध फाटलं, की दोष मॉनिटरवर जातो. बहुतेक वेळा मॉनिटर धडधाकट असतो, व्हीआरआर चालूच झालेलं नसतं.

आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह सिंक (व्हीआरआरचंच आणखी एक नाव) चालू करा, मग ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो हर्ट्झमधला आकडा, ६० वरच राहिलेला नाही ना, तेही बघा. पुष्कळ मॉनिटर मेनूत चालू रिफ्रेश रेट दाखवतात. गेम सुरू असताना तो आकडा ९२, ८७, १०१ असा फ्रेम्सच्या मागे पळत असेल तर काम होतंय. पडद्याच्या कमाल आकड्यावर, समजा १४४ वर, ठाण मांडून बसला असेल, तर नाही.

वायरीतही गफलत होते. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि पुढची कार्डं साध्या ॲडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवरही चालतात, पण डिस्प्लेपोर्टमधून. खोक्यात आलेली एचडीएमआय वायर जोडून ‘जी-सिंकचा पर्यायच दिसत नाही’ म्हणणारे बरेच जण इथंच अडकलेले असतात.

खरा पैसा वाया जातो तो रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या रिफ्रेश रेटला व्हीआरआर चालतं ते, न बघता घेतल्यामुळे. समजा, मॉनिटरची रेंज ४८ ते ७५ हर्ट्झ आहे आणि गेम ४० फ्रेम्सवर उतरला. झालं, व्हीआरआर सुटलं. पुन्हा फाटणं नाहीतर अडखळणं. तेच ४८ ते १४४ च्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पडदा ८० वर चालतो आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट लागतो. साध्या कार्डावर खेळणाऱ्याला याची सगळ्यात जास्त गरज, आणि स्वस्त मॉनिटरमध्ये नेमकं हेच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. दुकानदाराला रेंज विचाराच. त्याला सांगता आली नाही, तर कंपनीच्या साइटवर बघून मगच पैसे द्या.

वरच्या टोकालाही तेच. १४४ च्या पडद्यावर गेम २०० फ्रेम्स फेकत असेल, तर व्हीआरआरच्या हातात काही उरत नाही. फ्रेम्सना १४० च्या आसपास मर्यादा घाला.

ओएलईडी आणि व्हीए प्रकारच्या पडद्यांवर अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी उजेड लुकलुकतो, तेव्हा व्होल्टेजचा दोष समजून स्टॅबिलायझर आणायला धावू नका. रिफ्रेश रेट भराभर बदलला की गडद रंगांची उजळता किंचित हलते, तेच हे. फ्रेम्स स्थिर राहतील इतकी ग्राफिक्स सेटिंग उतरवा. तरीही डोळ्यांना खुपलं, तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद ठेवलेलं बरं.

कन्सोलवाल्यांनी बातम्या नीट वाचाव्यात. पीएस५ ला व्हीआरआर मिळालं एप्रिल २०२२ च्या अपडेटमध्ये, त्याला एचडीएमआय २.१ चा टीव्ही लागतो आणि रेंज ४८ पासून सुरू होते. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चा पडदा १२० हर्ट्झपर्यंत व्हीआरआर करतो, पण बाजारात आला तेव्हा ते हातात धरून खेळण्यापुरतंच होतं. टीव्हीवरही चालेल ही साइटवरची माहिती चुकीची होती, असं निन्टेन्डोनं स्वतः मान्य केलं. केवळ त्याच्यासाठी महागडा टीव्ही घ्यायचा बेत असेल, तर हे आधी लक्षात घ्या.