हवेचा काटा वर आहे, पण ब्रेक लागतोय का?

ट्रक असो की बस, गाडी काढताना ड्रायव्हर आधी हवेचा काटा बघतो. आठ बारच्या (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) आसपास पोचला की निघाली स्वारी. वर्कशॉपमध्ये माझं सगळ्यात जास्त वाजतं ते याच सवयीवरून. टाकीत हवा किती आहे एवढंच काटा सांगतो. लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला किती जोरात धरतंय, याची त्याला गंधवार्ताही नसते.

पेडल दाबलं की हवा फूट व्हॉल्व्हमधून, आणि मागच्या चाकांना बहुधा रिले व्हॉल्व्हमधून, ब्रेक चेंबरमध्ये येते. आतला रबरी डायफ्राम दांडा ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टर (दांडा आणि कॅम शाफ्ट जोडणारा, ढिलाई जुळवता येणारा हात) फिरवतो, त्याच्या शाफ्टच्या टोकाचा इंग्रजी एस आकाराचा एस-कॅम दोन्ही शू ड्रमवर फाकवतो. दांड्याला बाहेर यायला जागा मात्र मोजकीच. लायनर झिजलं की त्याला जास्त लांब यावं लागतं. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, तेव्हा आणखी थोडं. जागा संपली की डायफ्राम चेंबरच्या तळाला टेकतो, मग पेडलवर उभे राहा, काही उपयोग नाही. काटा तेव्हाही वरच असतो!

म्हणून दांडा मोजायचा. गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या, पूर्ण हवा भरून इंजिन बंद करा आणि पार्किंग ब्रेक सोडा. दांडा चेंबरमधून जिथे बाहेर पडतो तिथे त्यावर खडूने खूण करा. हाताखालच्याला केबिनमधून पेडल साधारण सहा-सात बारने दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजा. तो पेडलवर असताना बोटं आत घालायची नाहीत, मोजायची घाई असली तरी. चेंबरवर त्याचा आकार बहुतेक वेळा कोरलेला असतो. साध्या ३० नंबरच्या चेंबरला ५१ मिलिमीटरची मर्यादा, २४ नंबरला साधारण ४५. लाँग स्ट्रोक, म्हणजे दांडा जास्त लांब येणाऱ्या, चेंबरचे आकडे वेगळे, ते त्याच्या माहितीपत्रकातच बघा. मी स्वतः मर्यादा गाठेपर्यंत वाट बघत नाही, आधीच जुळवून घेतो. आणि एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत मोठा फरक दिसला, तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढणार हे धरून चाला.

हाताने फिरवायचा स्लॅक ॲडजस्टर असेल तर पार्किंग ब्रेक सोडलेलाच ठेवून लायनर ड्रमला टेकेपर्यंत नट आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. आवळताना कॅम शाफ्ट ब्रेक लागताना फिरतो त्याच दिशेला फिरला पाहिजे. उलटा फिरला तर तुम्ही ढिलं करताय. पाना चढवताना नटाभोवतीची लॉकिंग कॉलर आत दबते. पाना काढल्यावर ती परत बाहेर आली का, हे बोटाने चाचपा. चिखलात अडकून आतच राहिली तर नट हळूहळू स्वतःच फिरतो आणि तुमची मेहनत वाया.

ऑटोमॅटिक ॲडजस्टरचं तसं नाही. त्याला दर आठवड्याला पाना लावणारे बघितले की माझं डोकं फिरतं. तो स्वतःहून जुळवत नसेल तर बिघाड दुसरीकडे आहे: दांडा ॲडजस्टरला जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलेली, कॅमचा बुश ढिला, नाहीतर ॲडजस्टरच गेलेला. हाताने आवळून फार तर वर्कशॉपपर्यंत या.

बाकीचं लवकर आटोपतं. इंजिन बंद ठेवून पेडल एक मिनिट दाबून धरा. ट्रेलर नसलेल्या एकट्या गाडीला काटा ०.२ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावा, जिथे फुगे तिथे हवा. टाक्यांचे ड्रेन रोज उघडा. थोडं पाणी आलं तर ठीक, सारखं येत असेल तर हवेतली ओल काढणाऱ्या ड्रायरचा फिल्टर बदला. दुधाळ, तेलकट पाणी आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघायची वेळ झाली.

एका ठिकाणी मात्र हात घालू नका. मागचा दुहेरी चेंबर, म्हणजे स्प्रिंग ब्रेक, याच्यात हवा नसताना गाडी धरून ठेवणारी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. त्याच्या मागच्या भागाची क्लॅम्प उघडली तर झाकण माणसाचा जीव घेईल इतक्या जोराने उडतं. चेंबर बदलायचा असेल तर आधी केजिंग बोल्टने स्प्रिंग बांधा आणि अख्खा चेंबरच उतरवा.